सरकार पीएफ भरतं म्हणून घेतलेली चार माणसं

अपंगांना नोकरी दिली तर सरकार मालकाला पैसे देतं, हे कुठेही बोललं की लोक एक तर "वा, छान योजना" म्हणतात नाहीतर "सगळं कागदावर, मिळत काय नाय". आमच्या युनिटमध्ये ते पैसे खरोखर मिळाले. आणि तरीही ज्या कारणांनी ती माणसं टिकली किंवा सोडून गेली, त्यातल्या एकाही कारणाशी त्या पैशांचा संबंध नव्हता. म्हणून हे सगळं आकड्यांसकट मांडतोय, जुन्या फायली अजून माझ्याकडे आहेत.

मी तेव्हा अकाउंट बघायचो, एचआरपण मीच, आणि गेटवर कोणी आलं तर तेही मीच. वायरिंग हार्नेसचं युनिट, म्हणजे गाडीच्या आत वायरींच्या ज्या जुड्या असतात त्या बनवायच्या. वायर कापायची, टोकाला टर्मिनल (धातूची टोपी) क्रिंप करायचं, म्हणजे दाबून घट्ट बसवायचं, बोर्डवर लावून टेपिंग करायचं, शेवटी टेस्टिंग. सुपरवायझर धरून ६४ माणसं. २०११ ची गोष्ट आहे, त्यावेळी सगळे अपंगच म्हणायचे, दिव्यांग हा शब्द सरकारी कागदांत आला तो २०१५ नंतर, त्यामुळे मी पण त्या वेळचा शब्द वापरतोय, कोणाला खटकला तर समजून घ्या.

सुरुवात आमच्या सीएंनी केली. साहेबांना (मालकांना आम्ही साहेबच म्हणायचो) ते म्हणाले की केंद्र सरकारची २००८ पासून एक स्कीम आहे, तुम्ही अपंग माणूस घेतला आणि त्याचा पगार महिना २५,००० च्या आत असला तर मालकाच्या वाट्याचा पीएफ आणि ईएसआय (कामगारांच्या दवाखान्याचा सरकारी विमा) पहिली तीन वर्षं सरकार भरतं. स्कीम खरी होती. पी. चिदंबरम यांनी २००७-०८ च्या बजेटमध्ये ती जाहीर केली होती, अकराव्या पंचवार्षिक योजनेत १,८०० कोटी रुपये आणि दरवर्षी १ लाख नोकऱ्या असं टार्गेट होतं, लागू झाली १ एप्रिल २००८ पासून. २०११ च्या जनगणनेत देशात २.६८ कोटी अपंग लोक मोजले गेले आणि त्यातले काम करणारे साधारण ३६ टक्के, म्हणजे वर्षाला १ लाख हा आकडा काही फार मोठा नव्हता. तरी मालक लोक फारच कमी पुढे आले. का आले नाहीत ते आमच्या चार नेमणुकांवरून बऱ्यापैकी कळतं.

साहेबांनी माझ्यासमोरच कॅल्क्युलेटर काढला. ऑपरेटरचा पगार ६,०००. त्यावर पीएफ १२ टक्के म्हणजे ७२०, ईएसआय तेव्हा मालकाचा ४.७५ टक्के होता म्हणजे २८५, टोटल १,००५ रुपये महिना, एका माणसामागे. चार माणसं, ३६ महिने. "दीड लाखाच्या जवळ जातंय की रे," म्हणाले. खरंच जात होतं, १,४४,७२०. माणुसकी वगैरे होतीच, नाही असं नाही, पण निर्णय झाला तो कॅल्क्युलेटरवर, हे मान्य केलेलं बरं.

१ जून २०११ ला चौघं रुजू झाले. नावं देणार नाही, क, ख, ग, घ म्हणू.

क हा पोलिओचा, उजव्या पायात कॅलिपर (पायाला बांधायचा आधार), एक कुबडी, आयटीआय झालेला. ख ही कर्णबधिर मुलगी, दहावी पास. ग हाही कर्णबधिर, २२ वर्षांचा, आधी कुठेतरी पॅकिंगला होता. आणि घ, त्याला लहानपणी लागून एक डोळा गेलेला, दुसरा एकदम ठणठणीत.

पहिला धक्का घ चा. प्रमाणपत्र बघितलं तर ३० टक्के. एक डोळा पूर्ण गेला आणि दुसरा चांगला असला तर आपल्याकडे मोजणी ३० टक्केच होते, आणि कुठल्याही सवलतीची पायरी ४० ला. तेव्हाचा १९९५ चा अपंग कायदा घ्या किंवा नंतरचा २०१६ चा घ्या, ४० ची रेघ तीच आहे. म्हणजे घ साठी शून्य. मजा अशी की इंटरव्ह्यूला त्याने स्वतःहून डोळ्याचं सांगितलं होतं, त्याआधी दोन ठिकाणी त्याच कारणाने त्याला नको म्हटलेलं. नोकरी नाकारताना तो अपंग आणि अनुदान द्यायची वेळ आली की धडधाकट! साहेब म्हणाले आता बोलावलाय तर राहू दे. कॅल्क्युलेटरवरचा आकडा तिथल्या तिथे १,०८,५४० वर आला.

आता खर्चाकडे येतो, कारण खरं प्रकरण इथे आहे.

शॉपच्या दाराला दीड फुटाचा उंच ओटा होता, तीन पायऱ्या. क ला कुबडी घेऊन चढता यायचं पण पावसात घसरायचा, म्हणून रॅम्प करायचं ठरलं. कॉन्ट्रॅक्टरला सांगितलं रॅम्प कर, त्याने जागा बघून सात फुटांचा करून दिला, ६,५०० रुपये घेतले, दिसायला छान. क त्याच्यावरून एकदा गेला आणि परत पायऱ्यांनीच यायला लागला. विचारलं तर म्हणाला, "सर, याच्यावरून उतरायचं म्हणजे कॅलिपर लॉक करून ढकलून दिल्यासारखं होतं." मग कोणीतरी सांगितलं की रॅम्पचा उतार १:१२ लागतो, म्हणजे एक फूट उंचीला बारा फूट लांबी, दीड फुटाला अठरा फूट. आम्ही सात फुटांत बसवला होता. तो फोडला आणि भिंतीला समांतर वळवून नवीन केला, १५,०००. पहिले ६,५०० मातीत. आणि सांगायचं म्हणजे नव्या रॅम्पचा सगळ्यात जास्त वापर कोणी केला असेल तर वायरच्या कॉइलची ट्रॉली ढकलणाऱ्या हेल्परने, आधी दोघं मिळून ती ट्रॉली उचलून पायऱ्या चढवायचे.

टॉयलेट. इंडियन होतं, क ला गुडघा वाकवून बसता यायचं नाही. हे इंटरव्ह्यूत कोणी विचारत नाही आणि समोरचा सांगत पण नाही. पहिले दहा-बारा दिवस तो दिवसभर पाणीच पीत नव्हता, हे आमच्या मेंटेनन्सच्या मामांच्या लक्षात आलं, माझ्या नाही. कमोड, दोन्ही बाजूंना धरायला दांडे, दार बाहेर उघडेल असं केलं, २३,००० गेले. या एका कामावर साहेब सगळ्यात जास्त कुरकुरले आणि नंतर स्वतः तेच टॉयलेट वापरायला लागले, गुडघे त्यांचेपण दुखायचे.

उलट जे मला सगळ्यात अवघड वाटत होतं ते फुकटात झालं. क्रिंपिंग मशीन पायाने चालतं. दोन्ही हातांत वायर आणि टर्मिनल धरायचं असतं, मग उजव्या पायाने पायडल दाबायचं, आणि क चा नेमका उजवाच पाय कामाचा नाही. मी हाताच्या बटणाचा कोटेशन मागवला होता, बऱ्यापैकी महाग आला, वर हात मोकळेच नसतात तर बटण दाबणार कशाने. मामांनी बघितलं आणि म्हणाले पायडल डावीकडे घेऊ की. पायडल फरशीला दोन बोल्टने फिक्स होतं आणि केबल आखूड होती, एवढंच. दुपारी जेवणानंतर सुरू केलं, चहापर्यंत झालं. केबल स्टोअरमध्ये पडलेली. आता विचार करा, या कामासाठी सरकारी अनुदान असतं तर किती कागद लागले असते आणि आम्ही कदाचित ते महागडं बटणच बसवलं असतं! त्यामुळे प्रत्येक अडचणीला अनुदान हवंच असंही मी म्हणणार नाही, काही अडचणींना फक्त समोर बसून बघणारा माणूस लागतो.

कर्णबधिरांचं मात्र आमचं साफ चुकलं. आमची समजूत, यांना ऐकू येत नाही ना, मग लिहून देऊ. जॉब शीटवर मराठीत सगळं लिहिलेलं असायचंच. ख वाचायची, मान डोलवायची आणि बोर्डवर उलटं लावायची. सुपरवायझर म्हणायला लागला हिला डोकंच नाही. आम्ही दुभाषा बोलावला, चार दिवस, दिवसाचे १,२००, आणि पहिल्याच तासात त्या बाईंनी आम्हाला गप्प केलं. त्या म्हणाल्या, हिची पहिली भाषा खुणांची आहे, मराठी तिच्यासाठी परकी भाषा आहे, तुम्हाला कोणी एखाद्या परक्या भाषेत "कनेक्टरच्या लॉकची बाजू वर ठेवून तिसऱ्या खाचेतून निळी वायर घेण्याआधी काळी तपासावी" असं लिहून दिलं तर काय कराल? मी त्या वाक्याकडे बघितलं, ते मीच टाइप केलेलं होतं. मग शीट फेकून दिली आणि प्रत्येक हार्नेसचा एक पूर्ण तयार पीस बोर्डवर लावून ठेवला, शेजारी चुकीचा पीस लाल टेप मारून. सॅम्पल बोर्डांचा खर्च २,५०० आणि ख चं रिजेक्शन महिनाभरात लाइनमधल्या बाकीच्या मुलींएवढं आलं. नंतर बाकीच्या मुलीपण शीट सोडून बोर्डच बघायला लागल्या. त्या काळात खुणांच्या भाषेचा नीट शब्दकोश सुद्धा सहज मिळायचा नाही, दिल्लीचं सरकारी सांकेतिक भाषा केंद्र सुरू झालं २०१५ मध्ये आणि त्यांचा ३,००० शब्दांचा पहिला कोश आला २०१८ ला. आमच्या लाइन लीडर ताईंनी ख कडूनच बघून चाळीस-पन्नास खुणा शिकल्या, त्यातल्या निम्म्या आमच्या युनिटच्याच असतील, बाहेर कोणाला कळणार नाहीत.

फायर अलार्म आणि सुट्टीच्या भोंग्याला फ्लॅशिंग लाइट जोडले, ३,६००. हे आधीच सुचायला हवं होतं. सुचलं कधी तर एकदा मॉक ड्रिलला सगळे बाहेर आणि ग एकटा आत शांतपणे टेपिंग करतोय तेव्हा.

तर रॅम्प दोनदा २१,५००, टॉयलेट २३,०००, लाइट ३,६००, दुभाषा ४,८००, बोर्ड २,५००, झाले ५५,४००. हे सगळं पहिल्या दोन-अडीच महिन्यांत. यात ताईंचा रोजचा एक तास धरलेला नाही, आणि अनुदानाच्या कागदांसाठी मी मारलेल्या चकरा धरलेल्या नाहीत. त्या ११ होत्या, मी तारखा लिहून ठेवायचो, कारण पेट्रोलचं व्हाउचर लावायचं असायचं.

अनुदानाचं काय झालं ते आता. पीएफ आणि ईएसआय ही दोन वेगळी खाती, दोन्हीकडे वेगवेगळा अर्ज, प्रमाणपत्राच्या प्रती, नेमणूकपत्र, पगाराचा तपशील. एका कार्यालयातल्या खिडकीवर मला सरळ विचारलं गेलं की अशी काही स्कीम आहे याचं सर्क्युलर तुम्हीच आणून दाखवा. मी नेलं. ते दाखवून झाल्यावर तिथले अधिकारी बदलले आणि नवीन आलेल्यांनी परत मागितलं. तो काळ कागदी रिटर्नचा होता, ऑनलाइन ईसीआर (पीएफचं महिन्याचं रिटर्न) आलं २०१२ च्या एप्रिलपासून, त्यामुळे तीन माणसांचा भाग वेगळा दाखवायचा म्हणजे चलन हाताने वेगळं मांडायचं. पहिले चार महिने आम्ही नेहमीसारखा स्वतःच भरत राहिलो, उशीर झाला तर दंड आणि व्याज आपल्यावर, कोण रिस्क घेणार. ते चार महिने परत मागायच्या भानगडीत साहेब पडले नाहीत, म्हणाले सोड. ख चं प्रमाणपत्र जुनं हाताने लिहिलेलं होतं, शिक्का पुसट, ते नवीन काढायला अजून एक महिना गेला. पीएफचा ॲडमिनिस्ट्रेशन चार्ज, तेव्हा १.१ टक्का, तो आमच्याकडेच होता, स्कीममध्येच तसं होतं, माणशी ६६ रुपये.

म्हणजे क ला पाचव्या महिन्यापासून ३६ व्यापर्यंत ३२ महिने मिळाले, ख ला ३१. ग चौदाव्या महिन्यात सोडून गेला त्यामुळे त्याचे १०. एकूण ७३ माणूस-महिने गुणिले १,००५, पगारवाढ बाजूला ठेवून, ७३,३६५ रुपये. १,४४,७२० च्या कॅल्क्युलेटरमधून हातात आले ७३ हजार, जवळपास निम्मे.

तरी ५५ हजार खर्च आणि ७३ हजार परत म्हणजे फायद्यातच की, असं साहेब पण म्हणाले, आणि कागदावर ते बरोबरच आहे. पण महिन्यांचा क्रम बघा. ५५,४०० पहिल्या अडीच महिन्यांत गेले. पाचव्या महिन्यापासून २,०१०, सहाव्यापासून ३,०१५, ग गेल्यावर परत २,०१०, असं थेंब थेंब येत आम्ही बरोबरीला आलो ते २८ व्या महिन्यात, सप्टेंबर २०१३. आमच्या साहेबांना ५५ हजार आधी घालणं झेपलं. शेजारच्या गाळ्यात आठ माणसांचं लेथचं वर्कशॉप होतं, त्याला झेपलं नसतं, आणि त्याला ही स्कीम लागूच नव्हती, कारण पीएफ २० माणसांपासून आणि ईएसआय १० पासून. जिथे मालकाचा वाटाच नाही तिथे सरकार भरणार काय? आणि अपंग माणसाला घराजवळ काम मिळतं ते बहुतेक अशाच गाळ्यांत.

माझं म्हणणं एवढंच आहे की पैसा चुकीच्या जागी लावलेला होता. अपंग माणूस कामाला महाग पडतो, तीन वर्षं त्याची किंमत थोडी कमी करून द्या म्हणजे मालक घेईल, असा त्यामागचा हिशोब. पण क पगाराला महाग नव्हताच, तो पहिल्या वर्षातच बाकीच्यांएवढे क्रिंप मारत होता. महाग होता आमचा ओटा आणि आमचं टॉयलेट. ब्रिटनमध्ये १९९४ पासून ॲक्सेस टू वर्क म्हणून योजना आहे, तिथे पैसे पगारावर नाही तर याच गोष्टींवर मिळतात, बदललेलं यंत्र, दुभाषा, कामावर यायचा प्रवास, आणि अर्ज मालक नाही तर तो कर्मचारी स्वतः करतो. तिथेही लोक वाट बघून कंटाळतात, स्वर्ग नाहीये. पण अर्ज कर्मचाऱ्याने करायचा ही गोष्ट मला फार पटते. क ला कोणी विचारलं असतं की तुला काय लागेल, तर त्याने पहिल्या दिवशी टॉयलेट सांगितलं असतं आणि सात फुटांचा रॅम्प झालाच नसता.

आता ग चं. तो का गेला? पगार म्हणाल तर दुसरीकडे ५०० जास्त होते हे खरं, एक्झिट फॉर्मवर मी तेच लिहिलं. पण खरं कारण मला दोन वर्षांनी कळलं, तेही ख ने ताईंना सांगितलं आणि ताईंनी मला. आम्ही ख ला मुलींच्या लाइनवर पहिल्या शिफ्टला ठेवलं होतं आणि ग ला दुसऱ्या शिफ्टला पॅकिंगच्या शेजारी. चौदा महिने आठ तास तो माणूस कोणाशी बोललाच नाही. डबा खाताना सगळे हसतायत आणि हा बघतोय. नवीन ठिकाणी त्याचे शाळेतले तीन मित्र होते, सगळे कर्णबधिर. आम्ही फक्त दोघांची शिफ्ट एक केली असती तरी कदाचित राहिला असता, शून्य रुपये खर्च. हे माझ्या हातात होतं, शिफ्टचा तक्ता मीच बनवायचो.

ख च्या बाबतीत एक गोष्ट मालकाच्या फायलीत कधीच दिसत नाही ती सांगतो. तिची आई जॉइन करायच्या आधी वीस दिवस हो-नाही करत होती. ख ला संजय गांधी निराधार योजनेचे महिना ६०० मिळायचे. त्याला घरच्या उत्पन्नाची अट तेव्हा वर्षाला २१,०००. आमच्याकडचा पगार वर्षाला ७२,०००, आणि पीएफची स्लिप म्हणजे पक्का पुरावा. आई म्हणाली, "दादा, तुम्ही चार महिन्यांनी काढून टाकलं तर? ते पैसे परत चालू करायला आम्ही किती वर्षं फिरायचं?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. तिच्या बाजूने हिशोब करून बघा, ६,००० तून तिचा पीएफ ७२० आणि ईएसआय १०५ कापून हातात ५,१७५, त्यातून गेलेले ६०० वजा केले तर ४,५७५, आणि बसचं भाडं वेगळं, एसटीत सवलत होती म्हणून त्यातल्या त्यात बरं. एका हाताने सरकार मालकाला १,००५ देतंय आणि दुसऱ्या हाताने त्याच मुलीच्या घरून ६०० काढून घेतंय. नंतर त्या योजनेची रक्कम वाढत गेली, पण काम लागलं की ती तुटते ही भीती अजून तशीच आहे, आताही मुलाखतीला आलेल्यांच्या घरचे पहिला प्रश्न हाच विचारतात. माझ्या हातात असतं तर पहिली दोन वर्षं पेन्शन नुसती थांबवून ठेवायची, बंद नाही करायची, नोकरी सुटली की पुढच्या महिन्यात आपोआप चालू, एवढं केलं असतं. त्याला १,८०० कोटी लागत नाहीत.

मे २०१४ ला तीन वर्षं संपली. मी साहेबांसाठी एक नोट करून ठेवली होती की पुढच्या महिन्यापासून दोघांचा पूर्ण पीएफ-ईएसआय आपल्याला, काय करायचं. त्यांनी ती वाचून मलाच विचारलं की म्हणजे काय करायचं म्हणजे काय? क तोपर्यंत सेटअप शिकला होता, डाय बदलायला त्यालाच बोलवायचे, ख नवीन मुलींना बोर्ड दाखवायची. १,००५ रुपयांसाठी त्यांना कोण सोडणार. ज्या १,००५ मुळे घेतलं त्याच १,००५ चा ३७ व्या महिन्यात कोणी विचार सुद्धा केला नाही. मला वाटतं योजनेच्या बाजूने बोलायचं तर हे एवढंच बोलता येईल, की तिने दार उघडायला निमित्त दिलं. निमित्ताची पण किंमत असते, सीएंनी तो विषय काढला नसता तर आम्ही या चौघांना बोलावलंच नसतं.

पण मग तेच निमित्त पुढे पातळ झालं. २०१८ च्या शेवटी आम्हाला अजून दोन माणसं घ्यायची होती, ओळखीच्या संस्थेकडून दोन कर्णबधिर मुलं तयार होती. तोवर २०१६ चा नवा कायदा १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला होता, ७ च्या जागी २१ प्रकारचं अपंगत्व, २० किंवा जास्त माणसं असलेल्या खाजगी आस्थापनेलाही समान संधी धोरण लिहून ठेवायचं बंधन, आणि खाजगी मालकांना प्रोत्साहन देऊन किमान ५ टक्के माणसं अपंग असावीत हे कलम १९९५ च्या कायद्यासारखंच परत. मी जोरात होतो. साहेबांच्या मुलाने, तो आता बघतो, मला लॅपटॉप फिरवून दाखवला. प्रधानमंत्री रोजगार प्रोत्साहन योजनेत १ एप्रिल २०१८ पासून १५,००० पर्यंत पगाराच्या कुठल्याही नवीन माणसाचा मालकाचा पूर्ण १२ टक्के वाटा तीन वर्षं सरकार भरत होतं, नाव मार्च २०१९ पर्यंत नोंदलं की झालं, आणि ते महिन्याच्या ऑनलाइन ईसीआरमधूनच व्हायचं, चकरा नाहीत, शिक्के नाहीत. १२,००० पगारावर १,४४० रुपये, अपंग असो नसो. महिन्याच्या पैशांत फरक राहिला फक्त ईएसआयचा, ५७० रुपये, आणि त्यासाठी वेगळे कागद. तो म्हणाला, "काका, मग तुमच्या स्कीमचा वेगळा फायदा काय?" बरोबर विचारत होता. सरसकट सगळ्यांना सवलत दिली की खास सवलतीचं वजन आपोआप जातं, आणि हे कोणी मुद्दाम केलं असंही नाही, दोन मंत्रालयांनी दोन योजना काढल्या, एवढंच.

वर इन्कम टॅक्सची गंमत. तेव्हाच्या कायद्यात कलम ८० जेजेएए मध्ये नवीन माणसाच्या पगाराच्या ३० टक्के जादा वजावट तीन वर्षं मिळायची, अटी बऱ्याच होत्या, पगार २५,००० पर्यंत हवा, वर्षात २४० दिवस काम हवं, एकूण माणसांची संख्या वाढलेली हवी. आणि त्यात एक ओळ होती की ज्याचं पीएफमधल्या पेन्शन स्कीमचं पूर्ण योगदान सरकार भरतं तो यात धरायचा नाही. म्हणजे पीएफ सरकारकडून घेतलात की ही वजावट गेली. १२,००० पगाराला वर्षाचे १,४४,०००, त्याचे ३० टक्के ४३,२००, आमच्या तेव्हाच्या २६ टक्के दराने टॅक्स वाचायचा ११,२३२. पीएफचे वर्षाला १७,२८०. दोन्हीतलं एकच, मग पीएफच घ्या. पण बरेच जण दोन्ही मिळतील असं धरून हिशोब करायचे आणि ऑडिटला अडकायचे, म्हणून मुद्दाम सांगितलं.

त्या दोघांना आम्ही घेतलं शेवटी. यावेळी दोघं एकाच शिफ्टला, एकाच टेबलावर समोरासमोर, ही माझी एकच अट होती. बोर्ड होते, लाइट होते, खुणा येणाऱ्या ताई होत्या आणि ख होती, तिनेच त्यांना शिकवलं. नवीन खर्च किती झाला म्हणून मी फाइल उघडली तर लिहायला काही नव्हतंच, एक गेटजवळचा लाइट बदलला त्याचे साडेतीनशे.

घ अजून आहे, टेस्टिंगला. त्याच्या नावाची अनुदानाची फाइल कधी झालीच नाही. फक्त २०११ ला मी चौघांसाठी मिळून जो पहिला अर्ज टाइप केला होता त्यात चौथ्या नंबरला त्याचं नाव आहे आणि त्यावर लाल पेनाने आडवी रेघ मारून कोणीतरी बाजूला ३०% लिहिलंय.